मुंगी छाप

पणजोबांचं आडनाव मुंगी.
डब्यावरचं चित्र पाहून सियागंजच्या व्यापाऱ्यानं हात जोडले :
"मुंगीवाली गोली कौन खाएगा, भिया?"
पणजोबा म्हणाले, जिथं मुंगी फिरकत नाही
तिथं साखर आहे याला पुरावा काय?
तो डबा अजून आहे माझ्या टेबलावर.
त्यात टाचण्या.

आमचं पंचांग वेगळं.
श्रावणात दिवाळी लागते : साखरेचे हत्ती, घोडे,
एक आंधळा मोर.
(साच्यातला डोळा झिजला बासष्ट साली, पुन्हा कुणी कोरला नाही.)
दसरा सरला की संक्रांतीचा हलवा,
काटा यायला थंडी हवी, आणि इंदूरची थंडी
ऑर्डरीच्या मागून येते,
म्हणून परातीशेजारी टेबलफॅन.
पौषात पाडव्याच्या गाठ्या.
जुलैत शाळांसाठी तिरंगी गोळी;
पांढरा पट्टा दर वर्षी बारीक निघतो,
दर वर्षी एक हेडमास्तर पत्र लिहितात.

आई गेली तेव्हा माघ होता,
कैरीगोळीचा पहिला घाणा उकळत होता.
भेटायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून विचारत,
हा वास कसला?
वैशाखाचा, म्हणाले मी.

जाहिरात म्हणाल तर एकच.
अनंतचौदसच्या रात्री गिरण्यांच्या झाक्या निघत,
आणि आमच्या गच्चीवरून आजोबा
टोपलीनं गोळ्या उधळत.
मजुरांची पोरं सदऱ्याची झोळी करून उभी,
पुढच्या पगाराला तीच पोरं बापाला ओढत दुकानात.
मग भोंगे थांबले.
त्या वर्षी झाक्या वर्गणीवर निघाल्या.
आजोबांनी उधळल्या तितक्याच.
महिन्याभरात सियागंजातून एकशे बारा डबे आले,
सील न फोडलेले.
वहीत त्यांच्या अक्षरात "परत",
पुढचा रकाना कोरा.

आता अन्वय, माझा भाचा, पुण्याहून शिकून आलाय.
म्हणतो, मावशी, सीझन आपल्याला सापडत नसतो,
आपण पाडायचा असतो.
फेब्रुवारीसाठी लाल, बदामाच्या आकाराची गोळी.
भट्टीवरच्या गेंदालालनं साचा उलटसुलट पाहिला :
"इसमें बदाम डलेगा क्या?"
डब्याच्या पाठीवर छापायला 'आमची गोष्ट' हवीय,
ऐंशी शब्दांत.

मी लिहायला बसले तेवढ्यात गेंदालालच दारात.
एकेचाळीस वर्षं त्यानं थर्मामीटर वापरला नाही :
अंगठा न् तर्जनी, मधे उकळता पाक,
एकतारी, दोनतारी, गोळीबंद.
नोव्हेंबरात पेन्शनीसाठी जिवंत असल्याचा ठसा द्यायचा असतो.
मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवा.
अंगठ्यावर रेघच नाही.
काउंटरवरच्या मुलीनं काच पुसली,
"बाबा, कुछ मीठा खाके आए हो?"

"लिख के दे दो दीदी, के मैं हूँ."

ऐंशी शब्द बाजूला ठेवले.
कंपनीच्या कागदावर लिहिलं :
गेंदालाल बोरासी यांना मी रोज पाहते.
आजही ते साडेसातला आले, भट्टी त्यांनीच पेटवली.
खाली सही, तारीख.
वर छापलेली मुंगी, नेहमीसारखी चालत.

दुपारी तो कागद घेऊनच परत आला.
मॅनेजरसाहेब म्हणाले म्हणे,
चींटी की मोहर नहीं चलेगी.