मंद चार्जिंग

खानापुरात, जांबोटी क्रॉसला आमचं दुकान.
बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी,
शब्द एकच: बॅटरी.
रंगाऱ्यानं पैसे मात्र दोनदा घेतले.

भरमा मामा म्हणायचा, वीज कोंडता येत नाही रे,
ती काय कोंबडी आहे डालग्याखाली झाकायला?
आत शिसं असतं, तेजाब असतं.
वीज येते, दोघांचं रूप पालटून जाते;
ते मूळ रूपाकडे परतू लागले
की तारेतून पुन्हा वीज.
साठतो तो नुसता पालट.

तो गेल्यावर काचेची नळी माझ्याकडे आली.
रबरी फुगा दाबायचा, सोडायचा,
आतला तरंगता काटा वाचायचा:
बाराशे साठ म्हणजे पोट भरलेलं,
अकराशे म्हणजे तेजाबाचं झालं पाणी.
माझ्या एकाही शर्टाला धड पुढची बाजू नाही.

दिवाळीनंतर बसव्वा हुक्केरी आली,
टेम्पोची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून,
सायकल हातानं ढकलत.
टेम्पो चोर्ल्याच्या घाटातून परत आला होता,
नवरा नाही.
वर्षभर बॅटरी परड्यात, पत्र्याखाली.
बूच काढलं. प्लेटा पांढऱ्या,
बरणीच्या तोंडावर मीठ फुटावं तशा.
वापरून बॅटरी एवढी मरत नाही
जेवढी रिकामी ठेवून मरते.

"ओळग एनर ऐतेन?"
आत काही उरलंय का, हेच गिऱ्हाईक रोज
मराठीत विचारतं, आणि मी आकडा सांगतो.
तिला सांगितला नाही.
"भंगारात किलोवर जाईल," एवढं म्हटलं.
ती हलली नाही.

मग दोन अँपियर. फक्त दोन.
घाई केली की प्लेटा वाकतात.
तीन दिवस, तीन रात्री,
मध्ये हेस्कॉमनं दोनदा दांडी मारली.
कान लावला की आत बारीक चुरचुर;
अशा वेळी जवळ विडी पेटवू नये.
पाच घरं हळूहळू वर आली.
तिसरं नाही आलं.

चौथ्या दिवशी मीटरवर साडेदहा.
एवढ्यावर टेम्पो उठत नाही, मी सांगितलं.
तिनं पिशवीतून त्याचा हॉर्न काढला,
तीन सुरांचा, एका कण्यावर शेंदूर.
तारा मीच जोडल्या.

पहिला सूर पार रस्त्यापलीकडे गेला,
चहावाल्यानं पातेल्यावरून मान वर केली.
दुसरा जरा खाली बसला.
तिसरा आलाच नाही.

तिनं पैसे मोजून काउंटरवर ठेवले.
पावतीवर मी लिहिलं: मंद चार्जिंग, दिवस तीन.
हमीच्या रकान्यात रेघ मारली.