एक श्वास आधी

फेर्राराच्या नाट्यगृहात, रंगमंचाच्या ओठाशी,
लाकडी टोपीखाली एक खड्डा आहे.
एकतीस वर्षं मी त्यात बसलो.
गाणाऱ्याच्या एक श्वास आधी ओळ कुजबुजायची,
बास.
डोळ्यांसमोर कायम जोडे:
राजाचे, सैतानाचे,
त्सेल्मीराबाईंच्या डाव्या टाचेखालचं ठिगळ.

ओळी तेओफिलो ब्रुन्येराच्या.
दिवसा तो मिठाच्या कचेरीत पोती मोजायचा,
रात्री त्याच दौतीतून राण्यांना विष पाजायचा.
मोबदला चाळीस स्कूदी,
आणि नाताळात खारवलेली एखादी वाम.
जाहिरातीत त्याचं नाव
दिव्यांचं तेल पुरवणाऱ्याच्या खाली.

मेस्त्रो म्हणत, "इथं सूर चढतो, इथं 'आ' दे.
'ई'वर बाईंचा गळा आवळतो."
मग 'मोरीर' खोडून तो 'आमार' लिही.
मरायला निघालेली बाई
एका स्वरापायी प्रेम करत राही,
आणि पुढचा अख्खा अंक नव्यानं रचावा लागे.
तपासनीस पाद्री 'स्वातंत्र्य' कापून 'पहाट' घाली.
"घालू दे," तेओफिलो म्हणे,
"पहाट काय कुणाच्या बापाला थांबवता येते?"
आणि नाकातून हसे. सदऱ्यावर तपकिरीचे डाग.

त्याची निंफा तापानं गेली, त्या हिवाळ्यात
त्यानं एकच ओळ आणली, दासीच्या तोंडी:
"दार लोटू नकोस, ती अजून जिन्यात आहे."
मेस्त्रोंनी तीनदा वाचली.
म्हणाले, हिला चाल लागत नाही.
तांबडी रेघ. तिथं आता नगारे वाजतात,
सहा मात्रा.

त्या सहा मात्रांत मी ती म्हणत आलो.
रोज. नगाऱ्यांखाली. कुणासाठी, ते विचारू नका.
एकदाच, कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री,
ठिगळाची टाच जिन्याकडे वळली
आणि वळलेलीच राहिली.
बाईंची पुढची ओळ चुकली. दंड झाला.

तेओफिलोला हे सांगायचं राहून गेलं.
गेलो होतो एकदा कचेरीत; तो पोती मोजत होता,
मध्ये कुणी बोललं की आकडा चुकतो.

आता खड्ड्यात एक पोरगा बसतो, तिखट कानाचा.
माझी वही त्याला दिली.
पानं उलटत म्हणाला, "आजोबा, ही ओळ तर खोडलीय."
म्हटलं, हो.
हळू म्हण.