इमानबर्डी

नवा तलाठी आला तेव्हा त्याला वाटलं
इथं कुणी तरी दिलेला शब्द पाळला असेल.
इमानबर्डी. सातबाऱ्यावर पोटखराबा,
साग नाही, सलईची दोनचार झाडं, बाकी कुसळी गवत.
मी म्हटलं, भाऊसाहेब,
आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात.

चव्वेचाळीस साल. भादव्याची अवस होऊन दोन रात्री.
सातपुड्यावर ढग असे बसलेले
की अनेरच्या अलीकडून पलीकडचं शिवार दिसेना.
जेवणवेळेला आवाज आला.
गेला. परत आला.
दाणे न टाकता कुणी नुसतंच जातं ओढावं तसा
गावाभोवती, पुन्हा गावाभोवती.

माझा आजा उखर्डू, गावचा कोतवाल.
चार दिवसांआधीच चोपड्याहून कागद आलेला:
आकाशात यंत्राचा आवाज आल्यास
दिवे मालवावेत.
पाटलानं वाचून दाखवला, आज्यानं पाठ केला.
त्या रात्री तो वेशीपासून भिलाटीपर्यंत पळाला
एकाच पायात वहाण,
"दिवा इझाडा रे, दिवा इझाडा!"
लोकांनी चुलीत पाणी ओतलं.
तेल्याच्या घाण्यापाशी टेंभा होता, तो मातीत खुपसला.
मारुतीपुढचा दिवा
आज्यानं स्वतः, दोन बोटांनी.

वर अजून दोन फेऱ्या झाल्या.
मग डोंगराच्या अंगाला
एकच उजेड झाला.
तो मालवायला कुणी गेलं नाही.

सकाळी पावऱ्यांचा रुमल्या आधी पोचला.
सहा माणसं, म्हणाला. मग म्हणाला, पाच,
आणि बाकीचं मोजता येत नाही.
सलईच्या बेचक्यात थर्मास अडकलेला.
झाकण फिरवलं तर वाफ आली.
आत चहा, गरम.
रुमल्यानं तो प्यायला नाही, सांडलाही नाही,
झाकण लावून दिवसभर मांडीत धरून बसला.
साहेब आले तेव्हा त्यांच्या हातात दिला.
तोवर निवला होता.

कोतवालानं हुकूम चोख बजावला
अशी पंचनाम्यात नोंद. दोन रुपये बक्षीस.
आजीनं मीठ-मिरची आणली, उरलेल्याचं घासलेट.
आज्याला कुणी काही बोललं नव्हतं.
एके दिवशी जेवताना तोच म्हणाला,
घास तसाच हातात:
"त्या उजेड मांगी ऱ्हायंतात वं."

मग धाब्यावर कंदील, रोज रात्री.
आजी भांडली. रेशनवर महिन्याला बाटलीभर घासलेट,
त्यात पोरांचा अभ्यास, त्यात ओली बाळंतीण.
चौथ्या महिन्यात त्यानं कंदील खाली उतरवला.
पुढं त्याबद्दल चकार शब्द नाही.
फक्त चूल विझवायला त्याला सांगायचं नाही,
एवढं घरात सगळ्यांना माहीत.

पत्र्याचे डाव झाले, झारे झाले.
टाकी कापून कुणी गुरांना पाणी पाजलं.
खिडकीच्या काचेच्या मास्तरांनी पट्ट्या पाडल्या,
माझ्या बापानं पहिली सरळ रेघ
तिच्यावरच मारली.
नावं कुणी विचारली नाहीत.
कापडात बांधून जे नेलं ते कुठं पुरलं, ठाऊक नाही.
एक पितळी बटण रुमल्याच्या नातीच्या गळ्यात आहे,
ती विकत नाही.

मी वायरमन. अकराला फीडर बंद करायचा निरोप येतो,
मी हँडल खाली ओढतो,
सात गावं एका हातानं.
त्याच सुमाराला वरून इंदूरचं विमान जातं,
खूप उंचावरून, स्वतःचे दिवे लावून.
त्याला आमचं काही नको असतं.
तरी दांडा धरून मी थांबतो,
ते डोंगर ओलांडेपर्यंत.

काल सबस्टेशनहून फोन:
रोज दोन मिनिटं उशीर कसा?
म्हटलं, हँडल गंजलंय, साहेब.