अनुभव : निरंक

रीगाच्या जुन्या बाजारात, चिखलाळ बर्फ तुडवत,
वेल्गा दोन युरोला एक मेलेली हार्ड डिस्क घेते.
विकणारा सांगतो, काही नाही यात, पुसलंय सगळं.
ती नुसती मान हलवते.

दिवसभर मासे डब्यात भरायचे.
रात्री बोटांचा वास जाईस्तोवर हात धुऊन
आधी नक्कल काढायची.
मूळ प्रतीला धक्का नाही.
वेळ वहीत. हॅश वहीत.
दोन्हीकडचे आकडे जुळले, की मग चहा.

एकोणिसाव्या डिस्कमध्ये
सायकल शिकणारा एक म्हातारा सापडला
आणि गवतावर, फोटो काढणारीची सावली.
तिनं नोंदवलं: चित्रे तीन,
कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर मागे.
सावलीचं काही लिहिलं नाही,
पण त्या रात्री चहा गार झाला.

मुलाखतीत ब्रुव्हेर्स विचारतात, अनुभव?
अर्जात तो रकाना कोरा.
ती वही पुढे सरकवते.
ते चष्मा लावतात, काढतात, पुन्हा लावतात.
"सातव्या पानावर खाडाखोड आहे."
"चूक माझी होती. खालचं वाचता यावं
म्हणून एकच रेघ मारली. शेजारी सही आहे."

बाहेर ट्राम येऊन थांबते, निघून जाते.
वही अजून मिटलेली नाही.
तिला एकच काळजी:
पानांना माशांचा वास येत असेल.