पेल्यावर पेला

पहाटे उजव्या कुशीवर वळले
आणि घर निघालं.
आधी पत्रे, मग पंखा, मग भिंतीवरचं कॅलेंडर,
एकामागं एक, एकाच दिशेनं,
जात्यात ओतल्यासारखं.
"उठा, हालायलंय!" मी ओरडले.
व्यंकटला ढकललं, पोरीचा दंड धरला,
दारापर्यंत भिंत धरून गेले म्हणू,
तर भिंतच मला धरून चालली होती.

बाहेर गल्ली गपगार.
सुगराबी नळाला नंबर लावून बसलेली,
घागरीतलं पाणी काठाशी निवांत.
"काय हालायलंय गं?"
मी तिच्या पायाजवळच ओकले.

नऊ वर्षांची होते तेव्हा.
गणपती बुडवून आलो होतो, गुलाल कानात तसाच,
आणि पहाटे चारच्या आत
दगडमातीचं गाव खाली बसलं.
त्यानंतर बाप झोपताना उशाशी
पेला उपडा ठेवायचा, त्यावर दुसरा उपडा.
वाजले की पळायचं.
बाप गेला. मी लातूरला आले, भाड्याच्या खोलीत,
पेल्यावर पेला अजून ठेवते.
व्यंकट हसतो. हसू द्या.

त्या दिवशी मला आत आणून टेकवलं
तर पेल्यावर पेला तसाच उभा.
तेव्हा खरी भ्याले.
जमीन हालली असती
तर सगळ्यांची हालली असती.

मग लिंबू उतरवून चौकात टाकलं.
एकानं पित्त म्हणून सलाईन लावली,
दुसऱ्यानं मणक्यात गॅप काढून गळ्याला पट्टा.
मी दाळमिलला निवडायला बसते, तुरीतले खडे.
मान खाली घातली की
डाळ, हात आणि पट्टा एकमेकांत कालवायचे.
मुकादमानं सुट्टी दिली. बिनपगारी.

शेवटी सुगराबीनंच नेलं बोईनवाड मॅडमकडं.
दवाखाना वरच्या मजल्यावर,
जिना मी बसून बसून चढले.

मॅडम माझ्या भाचीच्या वयाची.
सुई नाही, कानात काही घालणं नाही.
"कधी फिरतं? कूस बदलल्यावर? किती वेळ?"
"अर्धं मिनिट," मी म्हणाले, "पन ते अर्धं मिनिट..."
"कळतंय," म्हणाली.
मग सांगितलं: कानाच्या आत खडे असतात,
सगळ्यांनाच, खसखशीहून बारीक.
तुमचे जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत.
मला हसू फुटलं.
अर्धा जन्म खडे निवडण्यात गेला, बाई,
हे तेवढे राहिले होते.

तिनं डोकं दोन्ही हातांत घेतलं,
उजवीकडं वळवलं.
"आता झटक्यात मागं. डोळे मिटायचे नाहीत."
टेबलाबाहेर मान लोंबती.
आलं.
छत, ट्यूबलाईट, मॅडमचं नाक,
सगळं गाव परत खाली बसायला लागलं.
मी तिचं मनगट आवळलं, बांगडी वाकली असेल.
"उघडे, मावशी, उघडे. मी मोजतेय."
आणि ती मोजत राहिली, मोठ्यानं, पस्तिसापर्यंत.
तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

मग डावीकडं. मग पुरती कुशीवर, नाक फरशीकडं.
पाखडताना सूप जरासं तिरपं केलं
की खडा आपसूक कडेला येतो, तसं.
मग हळूच बसवलं.
भिंत भिंतीच्या जागी.

"परत येईल का?"
"येऊ शकतं. आलं तर या, परत फिरवू."
तेव्हाही यंत्रं घेऊन साहेब आले होते,
बापानं हेच विचारलं होतं,
साहेबांनी कागदाकडं बघितलं.
हिनं माझ्याकडं बघितलं.

तीनशे रुपये.
पट्टा तिथंच विसरले, की ठेवून आले.

दोन रात्री उशा रचून बसल्यासारखी झोपले,
उजव्या कुशीला काही धजले नाही.
तिसऱ्या रात्री वळले.
पंखा फिरत होता, पंख्यापुरताच.
मग उठून पाणी प्यायले,
वरचा पेला घेऊन,
आणि तो परत ठेवायचा राहिला.
सकाळी व्यंकट म्हणाला, "अगं, वरचा?"
"घासायला टाकलाय," म्हणाले.