अधिवासाचा रकाना

टोपी : तीन मिलिमीटर. सगळ्यात मोठी, साडेचार.
कडेपासून वर चढणाऱ्या रेघा,
लहान मुलीनं पहिल्यांदा परकर काढावा तशा.
देठ : वाकडा. सालीतून आडवा निघतो
आणि काहीतरी आठवल्यासारखा वर वळतो.
कल्ले : आठ. एकात सात.
वास : नाही. चव : पाहिली नाही.

रंगाशी मी अडकले.
तक्त्यातले साठ चौकोन, एकही जुळेना.
शेवटी पेन्सिलीनं लिहिलं,
जांभळं खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी
नखाच्या कडेला उरतं तेवढं जांभळं.
मग खोडलं. असं लिहीत नाहीत.

ओळख पटवायच्या पुस्तकातली वाट तीनदा चालले.
देठ आहे? असल्यास चारवर जा.
बीजाणू आयोडीनमध्ये निळे होतात? होतात, अकरावर जा.
शेणावर? पाचोळ्यात? मेलेल्या फांदीवर?
अठराव्या वळणाला वाट संपते
आणि तिथे कोणाचंच घर नाही.

भूछत्र म्हणावं, तर भूला याचा पाय लागलेला नाही.
अळंबी म्हणावं, तर शंभर खुडली तरी
फोडणीतल्या मोहरीत हरवतील.
कुत्र्याची छत्री?
मुंगीलासुद्धा चार पाय बाहेर ठेवून उभं राहावं लागेल.

ठिकाण : पुणे, एरंडवणे, प्रभात रोडची एक गल्ली.
बुचाचं झाड, जिवंत, घेर सव्वादोन मीटर,
साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, बोट दाबलं तर आत जाते.
उत्तरेची बाजू, गुडघ्यापासून कोपरापर्यंत.
पुढे मी लिहिलं होतं : सावलीमुळे.

त्याच झाडाखाली भानुदास अभंगांचं इस्त्रीचं टेबल.
तीन पावसाळे मी सकाळी सातला
भिंग घेऊन त्यांच्या पायाशी गुडघे टेकते;
अकरापर्यंत सगळ्या टोप्या सुकून दोरा होतात.
पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं,
बाई, काही पडलं का तुमचं?
मी म्हटलं, हो.
खरं सांगायला फार वेळ लागला असता.

यंदा ते लेकीच्या बाळंतपणाला दौंडला गेले.
पंधरा दिवस झिमझिम थांबली नाही,
शेवाळ फुगलं, गोगलगायी चढल्या,
आणि झाड रिकामं.
माझ्या वहीत सलग पंधरा शून्यं.

ते आले त्या सकाळी मी तिथेच होते.
टेबल मांडलं, कोळसे फुंकले,
आणि पत्र्याच्या डब्यातलं कालचं खळीचं पाणी
न बघता, सवयीनं, खोडावर भिरकावलं.
गुडघ्यापासून कोपरापर्यंत.
पाचव्या दिवशी अकरा टोप्या.

सावलीमुळे खोडलं.
आता त्या जागी काय लिहायचं?
अधिवासाच्या रकान्याला दोनच ओळी आहेत.
त्यात झाड मावतं, उंची मावते, दिशा मावते.
वीस वर्षं रोज उरलेलं पाणी टाकणारा उजवा हात
कुठल्या शब्दात बसवू?
शिवाय एका पंधरवड्यावरून काही सिद्ध होत नाही.
खात्री करायची तर पुढच्या ऑगस्टात
त्यांना पुन्हा गावाला जा म्हणावं लागेल,
आणि लेक तर एकच.

परवा नमुना काढताना,
चाकूच्या टोकानं, सालीच्या पापुद्र्यासकट,
ते टेबलाला वळसा घालून आले.
मूठ उघडली. कानातल्याची फिरकी,
मातीनं काळी, आटे झिजलेले.
तीन वर्षं शोधत होतो, म्हणाले. हीच ना?
माझे कान टोचलेलेसुद्धा नाहीत.
मी म्हटलं, हीच.

संध्याकाळी दोन पाकिटं घडी घातली, एकाच मापाची.
दोन्हींवर तारीख तीच, ठिकाण तेच, झाड तेच.
एकात वाळून मिरीच्या सालाएवढं झालेलं ते,
अजून नाव नसलेलं.
एकात फिरकी.
गोळा करणारा, या शब्दापुढे
पहिल्यावर माझी सही केली.
दुसऱ्यावर लिहिलं, भा. अभंग.