इगाराशींचा खांब

खांब उभा करायला दोन दिवस गेले.
खडक लागला, ड्रिलचं पातं मोडलं,
आणि इगाराशी दोन्ही दिवस छत्री धरून उभे.
पाऊस नव्हता.
म्हणाले, केबलला ऊन लागू नये.

इतोइगावाच्या वर, टेकडीवर, एकट्याचं घर.
खाली समुद्र, मागे घाट.
घाटापलीकडे वीज सेकंदाला साठदा थरथरते,
आमच्याकडे पन्नासदा.
मी पंचवीस वर्षं तारा ओढतोय,
मला दोन्हींचा झटका सारखाच बसलाय.
त्यांना म्हणे फरक ऐकू येतो.

म्हणणं साधं होतं:
बारा घरांनी उष्टावलेल्या विजेवर
मला चेलो ऐकायचा नाही.
कुणाचा भात शिजतोय, कुणाचे केस वाळतायत,
सगळा गाळ माझ्या स्पीकरात येतो.
म्हणून ऐकायच्या खोलीपुरता स्वतःचा खांब,
स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मनगटाएवढी केबल,
आणि अर्थिंगला तांब्याच्या सात कांबी,
ज्यांना ते रोज संध्याकाळी झारीने पाणी घालायचे.
हाताखालचा काझुमा हसला.
मी नाही हसलो. अर्थिंगला ओल लागतेच.

जोडणी झाली. रेकॉर्ड न लावताच
त्यांनी आवाजाची कळ शेवटापर्यंत फिरवली.
काही नाही.
नुसती खोली.
मला वाटलं, आता बिल मागावं.
ते म्हणाले, आहे अजून. बारीक. घों.

फ्रिज बंद केला. घड्याळातला सेल काढला.
काझुमाला अंगणात पिटाळलं, त्याचं नाक वाजतं.
मीटर लावला, आकडा हलेना.
शेवटी म्हटलं, कान झाका बरं.
झाकले.
आता?
आता जास्त.

बर्फाच्या कारखान्यात अडतीस वर्षं,
टेबल कॉम्प्रेसरला खेटून.
कारखाना पाडला त्यालाही नऊ वर्षं झाली.
मशीन कुणी बंद केलं नव्हतं.
ते बराच वेळ कानांवर हात ठेवूनच बसले,
मग उठून चहा टाकला.
मी वहीत लिहिलं: दोष लाइनमध्ये नाही.

एप्रिलमध्ये फोन.
खांबावर कावळीने घरटं केलेलं,
काड्या कमी, कपड्यांचे हँगर जास्त,
तारच तार, कधीही शॉर्ट होईल असं.
कंपनीचा खांब असता तर तासाभरात उतरवलं असतं,
पण खांब त्यांचा, म्हणजे कावळीही त्यांचीच.
म्हणाले, लाइन तोड. पिल्लं उडेपर्यंत.
आणि चेलो?
सहा आठवडे, म्हणाले. त्यात काय.

वर चढून जोडणी सोडवली.
कावळीने हेल्मेटवर दोनदा चोच हाणली,
दुसऱ्यांदा चांगलीच.
खाली पाहिलं तर इगाराशी झारी घेऊन,
वीज नसलेल्या कांबींना
पाणी घालत होते, एकेकीला, सावकाश.